वत्सगुल्मच्या राक्षसी आणि मातूलचे मुडदे

न्यूयॉर्कच्या बंदरात एक शिडाची होडी भरकटत येते. होडीवर कोणी दिसत नाही. तपासणीसाठी चढलेल्या दोन पोलिसांपैकी एक खाली उतरतो आणि अंधारातून आलेला एक थुलथुलीत, सडका मुडदा त्याच्या गळ्याचा लचका तोडतो. लुचो फुल्ची या रोमन दिग्दर्शकाचा 'झॉम्बी २' हा चित्रपट असा सुरू होतो. तो ऑगस्ट १९७९ मध्ये इटलीत प्रदर्शित झाला. नावातल्या '२'चे कारण निव्वळ व्यापारी होते. जॉर्ज रोमेरो यांचा 'डॉन ऑफ द डेड' इटलीत 'झॉम्बी' या नावाने गाजला होता, तेव्हा निर्मात्यांनी त्याच्या यशाच्या शेपटाला आपला चित्रपट बांधून टाकला. कथेचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

(मराठी वाचकाला 'झोंबी' म्हटल्यावर आधी आनंद यादव आठवतात, हे स्वाभाविक आहे. तो शब्द वेगळा, ही कुळकथा वेगळी.)

होडीच्या मालकाची मुलगी एका पत्रकाराबरोबर वडिलांच्या शोधात अँटिलिस बेटांकडे निघते. मातूल नावाच्या काल्पनिक बेटावर एक डॉक्टर मेलेल्यांना पुन्हा पुन्हा उठताना पाहतो आहे आणि त्यांच्या डोक्यात गोळ्या घालतो आहे. तीन प्रसंगांसाठी हा चित्रपट आजही पाहिला जातो. एकात पाण्याखाली एक मुडदा खऱ्याखुऱ्या शार्क माशाशी झुंजतो. दुसऱ्यात फुटलेल्या दाराची लाकडी ढलपी एका स्त्रीच्या डोळ्याकडे इतक्या सावकाश सरकते की पाहणारा स्वतःचा डोळा झाकतो. तिसऱ्यात स्पॅनिश विजेत्यांच्या चारशे वर्षे जुन्या कबरींमधून मातीने माखलेली डोकी वर येतात आणि त्यांतल्या एकाच्या डोळ्याच्या खाचेत अळ्या वळवळत असतात. जानेत्तो दे रोस्सी यांची ही रंगभूषा चित्रपटाच्या भित्तिपत्रकावर गेली आणि चित्रपटापेक्षाही अधिक पसरली. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात ज्या व्हिडिओ कॅसेट 'ओंगळ' ठरवून खटल्यांच्या यादीत घातल्या गेल्या, त्यांत ही कॅसेट होती. तिथे एकही काप न घेता चित्रपट मिळायला २००५ उजाडले.

पंचेचाळीस वर्षे उलटून गेली. अभिनय बेताचा, संवाद त्याहून बेताचे. तरी नवी पिढी तो शोधून काढते, त्याच्या जुन्या प्रती स्वच्छ करून पुन्हा प्रकाशित होतात. हे का, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर 'बंदी घातली की मागणी वाढते' असे दिले जाते. ते अपुरे आहे. बंदी घातलेले शेकडो चित्रपट लोक साफ विसरले आहेत. दुसरे उत्तर 'हल्लीच्या पिढीची अभिरुचीच बिघडली' असे असते. ते तर इतिहासाच्या दृष्टीने सरळ चुकीचे आहे आणि त्याचा पुरावा पाहण्यासाठी इटलीला जाण्याची गरज नाही. तो वाशिमच्या राजांच्या काळातला आहे.

वाशिम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला, पण शहर राजधानी होते ते सोळाशे वर्षांपूर्वी. वत्सगुल्म हे त्याचे जुने नाव. वाकाटक घराण्याची एक शाखा इथून राज्य करीत असे. १९३९ मध्ये वाशिमला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला. राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षातले, वत्सगुल्माहून दिलेले ते दानपत्र आहे आणि त्याची भाषा काही संस्कृत, बरीचशी प्राकृत आहे. तोवर ही शाखा स्वतंत्र होती हेच इतिहासकारांना नीट ठाऊक नव्हते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखातली नावे आधीच्या अभ्यासकांनी चुकीची वाचली होती. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ताम्रपटाच्या आधारे ती वंशावळ पुन्हा लावली.

वत्सगुल्माची साहित्यातली कीर्ती अतिशय कोमल आहे. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह लावला तो याच नगरात, आणि नगराला मदनाचे क्रीडास्थान म्हटले. विदर्भाची सुकुमार काव्यरीती 'वैदर्भी' म्हणून प्रसिद्ध आहे. तिचेच 'वच्छोमी' हे प्राकृत नाव वत्सगुल्मावरून आले. या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता. सारांश, मृदू शब्दांची आणि शृंगाराची ही राजधानी. याच राजधानीच्या छत्राखाली अजिंठ्याच्या भिंतीवर माणसे खाल्ली जाताना रंगवली गेली.

हरिषेण हा या शाखेचा शेवटचा मोठा राजा. मिराशींच्या कालगणनेनुसार त्याचा काळ इ. स. ४७५ ते ५००च्या सुमाराचा, तर वॉल्टर स्पिंक यांच्या मते ४६० ते ४७७च्या आसपासचा. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे दान दिले. शेजारचे सतरावे लेणे हरिषेणाचे वर्चस्व मानणाऱ्या एका मांडलिक राजाने कोरवले. वाशिमपासून अजिंठा सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांहून थोडा अधिक दूर आहे.

अजिंठा म्हटले की पाठ्यपुस्तकात पद्मपाणी येतो. तो पहिल्या लेण्यातला, हातात निळे कमळ घेतलेला, अर्ध्या मिटल्या डोळ्यांचा. सतराव्या लेण्यातलेही आकाशगामी गंधर्व आणि आरशात पाहणारी राजस्त्री दिनदर्शिकांवर छापली जाते. त्याच लेण्याच्या सभामंडपाची उजवी भिंत मात्र क्वचितच छापली जाते. त्या भिंतीवर सिंहल अवदान आहे.

कथा 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथात आहे, आणि तिचे एक भावंड पाली जातकांत 'वलाहस्स' नावाने आहे. सिंहकल्पा नगरीतल्या सिंहक नावाच्या व्यापाऱ्याचा मुलगा सिंहल पाचशे वाण्यांबरोबर समुद्रावर निघतो. जहाज फुटते. सगळे ताम्रद्वीपाला लागतात. तिथे सुंदर स्त्रिया त्यांचे स्वागत करतात, जेवू घालतात, घरे देतात, त्यांच्याशी संसार मांडतात, मुलेही होतात. एका दिशेला मात्र जाण्याची मनाई असते. सिंहल नेमका तिकडे जातो आणि त्याला एक कोंडवाडा दिसतो. आत आधीच्या जहाजांचे वाणी आहेत. नवे जहाज फुटले की जुन्या नवऱ्यांना या भिंतीआड टाकतात आणि एकेक करून खातात, हे तो त्यांच्याच तोंडून ऐकतो.

सुटकेचा मार्ग एकच असतो. बालाह नावाचा पांढरा घोडा, म्हणजे स्वतः बोधिसत्त्व, ठरावीक दिवशी किनाऱ्यावर येतो. त्याची अट अशी की 'माझी बायको, माझा मुलगा, माझे घर' असा विचार ज्याच्या मनात येईल तो पाठीवर बसला असला तरी खाली पडेल, आणि ज्याच्या मनात तो येणार नाही तो एका केसाला धरूनही पैलतीराला जाईल. राक्षसी मुले उचलून किनाऱ्यावर धावत येतात, रडतात, हाका मारतात. वाणी वळून पाहतात आणि पडतात. जे पडतात ते तिथेच खाल्ले जातात. एकटा सिंहल घरी पोचतो.

अजिंठ्याच्या चित्रकाराने हे सगळे एकाच भिंतीवर, प्रसंगांमध्ये चौकटी न आखता रंगवले आहे. उडता पांढरा घोडा आहे, मोहक स्त्रिया आहेत, आणि त्यांचीच खरी रूपे आहेत. केस पिंजारलेले, स्तन लोंबणारे, दात बाहेर आलेले, पुढ्यात माणसांची शरीरे. त्या मांस ओरबाडतात, रक्त पितात. हे करणारा कुंचला तोच आहे, ज्याने शेजारी राजस्त्रियांच्या बोटांची नाजूक वळणे काढली. पाहणाऱ्याला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच. चित्रकाराने राक्षसींसाठी वेगळी, भोंगळ शैली वापरली नाही. त्याने सौंदर्यासाठी जेवढी काळजी घेतली तेवढीच लचक्यासाठी घेतली.

भीतीची खरी पकड मात्र कथेच्या उत्तरार्धात आहे. सिंहलची बायको झालेली राक्षसी मूल कडेवर घेऊन त्याच्या मागोमाग नगरीत येते. नवऱ्याने टाकून दिलेली स्त्री म्हणून ती राजा सिंहकेसरीच्या दरबारात उभी राहते. सिंहल सांगतो, ही राक्षसी आहे. राजा तिच्या रूपावर भाळलेला असतो. तिला तो अंतःपुरात घेतो. त्याच रात्री ती ताम्रद्वीपाहून इतर राक्षसींना घेऊन येते आणि राजासकट सारा राजवाडा खाऊन संपवते. सकाळी दरवाजे उघडत नाहीत आणि वाड्यावर गिधाडे घिरट्या घालत असतात. सिंहल शिडी लावून, तलवार घेऊन वर चढतो.

आता फुल्चीच्या चित्रपटाशेजारी ही भिंत ठेवून पाहावी. समुद्रप्रवास, बेट, माणसे खाणारे रहिवासी, एकट्यादुकट्याची सुटका. आणि मग बेटावरचे संकट पाठोपाठ राजधानीत येणे. चित्रपटाच्या अखेरीस होडीत बसलेले दोघे रेडिओ ऐकतात. न्यूयॉर्क पडले आहे. ब्रुकलिन पुलावरून मुडद्यांची रांग शहराकडे चालत जाते आहे. पंधराशे वर्षे आणि दोन महासागर मध्ये असताना दोन्ही कथाकारांनी तोच सांधा नेमका पकडला. बेटावरचा राक्षस भयानक खरा, पण तो बेटावरच राहिला तर ती खलाशांच्या गप्पांतली गोष्ट होते. तो घरी आला की झोप उडते. फुल्चीने अजिंठा पाहिला होता असे सुचवण्याचा इथे हेतू नाही; तसे मानण्यास काहीच आधार नाही. व्यापाराने जोडलेल्या समाजांना एकाच जातीचे भय पडते, एवढेच यातून दिसते. वाकाटकांच्या काळात जहाजे फुटत होती आणि नवरे परत येत नव्हते.

दोन्ही कथांमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती अधिक गंभीर आहे. माणसे खाणारा नेमका कोण, हे ठरवणारा कोण असतो? कोलंबस १४९२ मध्ये अँटिलिसला पोचला तेव्हा 'कॅरिब' लोक नरभक्षक आहेत अशा वार्ता त्याने लिहून ठेवल्या. युरोपीय भाषांतला 'कॅनिबल' हा शब्द त्याच नावापासून निघाला. १५०३ मध्ये राणी इसाबेलाने अशा 'कॅनिबल' लोकांना गुलाम करण्याची परवानगी दिली. नरभक्षक ठरवले की गुलामगिरी कायदेशीर झाली. पुढे त्याच समुद्रातल्या हिस्पानिओला बेटाच्या पश्चिम भागात फ्रेंचांनी उसाचे मळे उभे केले. आफ्रिकेतून आणलेली माणसे तिथे मरेपर्यंत राबत. हैतीच्या लोकसमजुतीतला 'झॉम्बी' हा माणसे खात नाही. तो मेल्यानंतरही मालकासाठी राबतो. गुलामाला मृत्यूतही सुटका नाही, ही कल्पना त्या मळ्यांच्या मातीतली आहे. १७९१ ते १८०४ या काळात तिथल्या गुलामांनी उठाव करून स्वतंत्र राष्ट्र उभे केले. १९२९च्या विल्यम सीब्रुक यांच्या प्रवासवर्णनातून 'झॉम्बी' अमेरिकेत पोचला, १९३२ मध्ये पडद्यावर आला, आणि १९६८ मध्ये रोमेरो यांनी उठलेल्या मुडद्यांना माणसाच्या मांसाची भूक दिली. फुल्चीने आपले बेट चित्रित केले ते त्याच हिस्पानिओलाच्या पूर्व भागात, सांतो दोमिंगोमध्ये, आणि कबरीतून उठवले ते स्पॅनिश विजेत्यांना. त्याने हे विचारपूर्वक केले की अपघाताने, यावर वाद घालता येईल. परिणाम मात्र स्पष्ट आहे. ज्यांनी दुसऱ्यांना नरभक्षक ठरवले, तेच चारशे वर्षांनी तोंडाला रक्त लावून वर येतात.

सिंहलच्या कथेचा शेवट याच निकषावर तपासावा लागतो. राजा मेल्यावर नगरजन सिंहललाच राजा करतात. तो सैन्य घेऊन ताम्रद्वीपावर चाल करून जातो. अजिंठ्याच्या भिंतीवर हत्ती आणि घोडे नावांत चढलेले दिसतात, ते याच स्वारीचे. राक्षसी हरतात, बेट सोडतात, आणि बेटाला विजेत्याचे नाव मिळते: सिंहलद्वीप, आजची श्रीलंका. सातव्या शतकात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगही ही कथा सांगतो. श्रीलंकेच्या 'महावंसा'त विजय राजकुमार आणि यक्षिणी कुवेणी यांची कथा येते, ती याच नात्यातली. बेटावर आधीपासून राहणाऱ्यांना राक्षस म्हणायचे आणि मग ते जिंकणे हे पुण्यकर्म म्हणून सांगायचे, ही युक्ती कोलंबसाने शोधलेली नव्हती.

पण विहारात हे कशासाठी? जिथे भिक्षू राहत, ध्यान करीत, त्या भिंतीवर रक्त का? सिंहलची एकच भिंत असती तर ती अपवाद म्हणता आली असती. त्याच लेण्यात सुतसोम जातकही रंगवले आहे. त्यात नरमांसाची चटक लागलेला सौदास राजा आहे आणि माणसाचे मांस कापले व शिजवले जाणारे स्वयंपाकघरही आहे.

उत्तराचा एक धागा बौद्ध साधनेत मिळतो. अजिंठ्याची रंगकामे चालू होती त्याच पाचव्या शतकात, त्याच सिंहलद्वीपात, बुद्धघोष 'विसुद्धिमग्ग' लिहीत होता. त्यात अशुभ भावनेसाठी प्रेताच्या दहा अवस्था सांगितल्या आहेत. उद्धुमातक म्हणजे फुगलेले. विनीलक म्हणजे निळेकाळे पडलेले. विपुब्बक म्हणजे पू वाहणारे. मग मधून चिरलेले, जनावरांनी खाल्लेले, इतस्ततः फेकलेले, तोडून विखुरलेले, रक्ताने माखलेले. नववे पुळवक, म्हणजे अळ्यांनी भरलेले, आणि शेवटी अट्ठिक, नुसती हाडे. भिक्षूने स्मशानात जाऊन यांतले एकेक पाहायचे, त्याचा रंग, आकार, सांधे मनात साठवायचे, आणि आपले शरीरही याच जातीचे आहे हे ओळखायचे. दे रोस्सी यांच्या रंगभूषेची ही जवळजवळ संपूर्ण यादी आहे. भित्तिपत्रकावरची ती अळ्यांची खाच म्हणजे चोख पुळवक. फरक एवढाच की भिक्षूला ते पाहण्यासाठी स्मशानापर्यंत चालत जावे लागे.

दुसरा धागा लेण्याच्या अंगणातल्या शिलालेखात आहे. त्याची बरीच अक्षरे झडली आहेत. जे वाचता येते त्यात दात्याच्या घराण्याची नावे आहेत आणि दोन भावांची हकीकत आहे. ते दोघे एकत्र वाढले, एकत्र पराक्रम केले, आणि मग धाकटा रविसांब मेला. थोरल्याला त्या शोकात संसाराची अनित्यता जाणवली आणि तो दानधर्माकडे वळला. हे लेणे त्या शोकातून निघाले. थोरल्या भावाचे स्वतःचे नाव ज्या जागी असायला हवे तिथे दगड फुटला आहे. अभ्यासक त्याला वेगवेगळ्या तर्कांनी ओळखतात, पण लेखात ते नाव उरलेले नाही. रविसांबाचे उरले आहे.

हा शिलालेख वाचून सभामंडपात शिरणाऱ्याला उजवी भिंत वेगळी दिसते. भाऊ गमावलेल्या माणसाच्या पैशातून, वळून पाहिल्यामुळे पडलेल्या माणसांचे चित्र काढले गेले. बालाहाची अट शोकग्रस्ताला विचारते तो प्रश्न फार कठोर आहे. 'माझा' म्हणणे सोडता येईल का? दात्याने विषय स्वतः निवडले की भिक्षूंनी, हे लेखात सांगितलेले नाही. तरी या विहारात रक्ताचे चित्र करमणुकीसाठी नव्हते आणि केवळ दहशत बसवण्यासाठीही नव्हते, एवढे म्हणता येते. मृत्यूकडे थेट पाहणे जमत नाही, तेव्हा त्याची अतिशयोक्ती पाहता येते. फुल्चीच्या चाहत्यांमधले बहुतेक जण हे असे मांडणार नाहीत, पण ढलपी डोळ्यात घुसताना ते ज्या कारणाने नजर हटवत नाहीत, ते याहून फार वेगळे नसावे.

संस्कृत नाट्यशास्त्राला याचे नवल वाटले नसते. भरताने आठ रसांमध्ये भयानक आणि बीभत्स यांना वेगवेगळी स्थाने दिली. भयानकाचा रंग काळा, बीभत्साचा निळा; भयानकाची देवता काल, बीभत्साची महाकाल. रक्त-आतडी पाहून होणारा क्षोभ आणि किडे-विष्ठा पाहून येणारी किळस यांतही त्याने भेद केला. आजचे चित्रपटसमीक्षक भीती आणि किळस एकाच पोत्यात भरतात, हे त्या मानाने मागे जाणेच आहे. जुगुप्सेचे नाते वैराग्याशी जोडणारा विचारही पुढे अलंकारशास्त्रात आला.

आणि या रसाचा सर्वांत मोठा कारागीर वैदर्भीच होता. आठव्या शतकातल्या भवभूतीचे घराणे विदर्भातल्या पद्मपूरचे. मिराशींच्या मते ते आमगावजवळचे पदमपूर, आजच्या गोंदिया जिल्ह्यातले. त्याच्या 'मालतीमाधवा'च्या पाचव्या अंकात प्रेमात हताश झालेला नायक रात्री स्मशानात नरमांस विकायला निघतो. गिऱ्हाईक म्हणजे पिशाच्चे. तिथे एक पिशाच्च प्रेताची कातडी सोलून खांद्या-मांड्यांवरचे सडके मांस खाते, त्याचे वर्णन भवभूतीने असे केले की मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त बीभत्साचे उदाहरण म्हणून तोच श्लोक घेतला. उठणारे प्रेत हवे असेल तर तेही जवळच आहे. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त वेताळाचे प्रेत खांद्यावर वाहणारा राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा. वेताळ दुसऱ्याच्या मुडद्यात शिरून बोलतो. फुल्चीचे मुडदे मुके आहेत. आपला मुडदा कोडी घालतो आणि उत्तर दिले की पुन्हा झाडावर जाऊन लटकतो. मराठी मुलांना ही मेजवानी शाळेच्या वयातच मिळते आणि तिला कोणी ओंगळ म्हणत नाही.

आधुनिक काळातही हा धागा वऱ्हाडातून जातो, आणि तोही अनपेक्षित ठिकाणाहून. 'रणांगण' ही १९३९ची कादंबरी लिहिणारे विश्राम बेडेकर अमरावतीत जन्मले. चित्रपटदिग्दर्शक म्हणून त्यांनी १९७० मध्ये 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' केला. निर्माते होते एफ. यू. रामसे. ते फाळणीआधी कराचीत रेडिओचे दुकान चालवत आणि नंतर मुंबईत आले. चित्रपट पडला. पण पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून संग्रहालयात चोरी करतात, तेवढ्या एका प्रसंगासाठी लोक चित्रपटगृहात येत होते, हे रामसे यांच्या मुलांनी हेरले. त्यांनी वडिलांना सांगितले की पुढचा चित्रपट सगळाच असा करू. १९७२ मध्ये महाबळेश्वरला, घरचीच माणसे हाताशी धरून, 'दो गज जमीन के नीचे' तयार झाला. त्यात खून झालेला शास्त्रज्ञ कबरीतून परत येतो. फुल्चीच्या सात वर्षे आधीचा हा आपला मुडदा. पुढे 'पुराना मंदिर' (१९८४) आणि 'वीराना' (१९८८) यांनी छोट्या गावांची चित्रपटगृहे भरली, आणि मान्यवर समीक्षेने त्यांच्याकडे बराच काळ ढुंकूनही पाहिले नाही. मराठीचा स्वतःचा 'झोंबिवली' यायला २०२२ साल लागले. तो डोंबिवलीत घडतो, हे नावच सांगते.

वत्सगुल्माचे पुढे काय झाले, ते मात्र भिंतीवरच्या कथेप्रमाणे नव्हे. हरिषेणाच्या मृत्यूनंतर ही शाखा फार टिकली नाही. स्पिंक यांच्या मांडणीनुसार अजिंठ्याची कामे त्याच सुमारास थांबली, आणि पुष्कळ लेणी अर्धवट राहिली. दंडीच्या 'दशकुमारचरिता'तल्या शेवटच्या भागात विदर्भाच्या एका तरुण राजाची कथा येते. तो चैनीत बुडतो, जुन्या मंत्र्याचे ऐकत नाही, गोड बोलणाऱ्या दरबाऱ्याला जवळ करतो, मांडलिक फितूर होतात आणि राज्य संपते. मिराशींनी या कथेत वत्सगुल्म शाखेच्या अखेरचे पडसाद ओळखले आणि स्पिंक यांनी तोच धागा पुढे नेला. सिंहकेसरीनेही सावध करणाऱ्याचे ऐकले नव्हते. पण चित्रात त्याच्यानंतर सिंहल येतो, राज्याभिषेक होतो, हत्ती नावांत चढतात. वत्सगुल्माच्या वाट्याला कोणी सिंहल आला नाही. आज वाशिममध्ये वाकाटकांच्या राजवाड्याची एक भिंतही उभी नाही; दान नोंदवणारे पत्रे मिळाले, तेवढेच. सतराव्या लेण्यातल्या राक्षसी मात्र अजून जेवत आहेत.